बाई माझ्यासाठी नाही

४ फेब्रुवारी, सोमवार

आज सकाळी आठच्या ठोक्याला बाई हजर झाली. ती जाऊबाईंसाठी आहे, माझ्यासाठी नाही. हे कुठेतरी पांढऱ्यावर काळं असावं म्हणून ही वही उघडली, कारण उद्यापासून घरात मी सगळ्यांना नेमकं उलटं सांगणार आहे.

झालं असं. परवा पुतण्याचा फोन आला. पुतण्या म्हणजे जाऊबाईंचा एकुलता एक मुलगा. राहतो लांब, दोन शहरं पलीकडे, आणि फोनवरून या घरात उरलेल्या आम्हा दोघींची काळजी करतो. म्हणाला, "काकू, आई एक्याऐंशीची झाली. डोळ्यांनी धड दिसत नाही, पाय सुजतात, हृदय कमजोर. पण देखभालीला बाई ठेवू म्हटलं तर घर डोक्यावर घेईल. तू एक करशील? बाई तुझ्यासाठी आहे असं भासव. थोडं आजारपणाचं सोंग कर. तू सगळं करून घेतलंस की आईही मुकाट्याने करून घेईल."

"मला काय धाड भरलीये?" मी म्हटलं. "शहात्तर म्हणजे काय वय आहे?"

"म्हणून तर सोंग म्हणतोय ना, काकू!"

पोरगा हुशार आहे. माझ्यावर गेलाय. आता रक्ताचं नातं नाही, पण संस्कार काही वाया जात नाहीत.

सोंगाचं मला काय अवघड? छापखान्यात अडतीस वर्षं मुद्रितं तपासली, पण स्नेहसंमेलनातली मोठी भूमिका दरवर्षी माझ्याकडेच. एकदा मरणारी राणी इतकी हुबेहूब वठवली की पडदा पडल्यावर मॅनेजरसाहेब पाण्याचा तांब्या घेऊन धावत आले होते.

५ फेब्रुवारी, मंगळवार

बाईला मी मनातल्या मनात हवालदारीण म्हणते. पंचेचाळिशीची, रुंद खांद्यांची, केस मागे करकचून बांधलेले. हसते तीसुद्धा पंचनामा करत असल्यासारखी. आम्हाला मोठ्या काकू आणि धाकट्या काकू म्हणते. आजी म्हणाली नाही म्हणून पहिला गुण दिला.

आल्या आल्या माझा हात धरून म्हणाली, "चला, सासर किती आहे बघू या."

मी म्हटलं, "सासरचं आता कोण राहिलंय, बाई? ही एक जाऊ आणि तो एक पुतण्या."

तिने पिशवीतून एक छोटं यंत्र काढलं. बोटाला सुई टोचली तेव्हा कळलं, साखर म्हणत होती. हल्ली लोक स्पष्ट बोलतच नाहीत, शब्द अर्धे चावून गिळतात.

यंत्रावर दोनशे अठ्ठ्याऐंशीचा आकडा आला. हवालदारिणीचा चेहरा उतरला. मी मनात म्हटलं, वा! सोंगाला यंत्रानेसुद्धा साथ दिली! मग तिने माझ्या गोळ्या मागितल्या. डॉक्टरांनी सहा वर्षांपूर्वी दिल्या होत्या, त्या मी लहर लागेल तेव्हा घेते. तिने डॉक्टरांना फोन लावला, दहा मिनिटं बोलली आणि सात दिवसांचे सात कप्पे असलेला एक डबा माझ्यापुढे ठेवला. आता रोज गोळी. जाऊबाईंसाठी काय काय गिळावं लागतंय.

७ फेब्रुवारी, गुरुवार

बैठकीतला माझा गालिचा गुंडाळून माळ्यावर गेला. कारण काय, तर अडखळायला होतं. मी त्यावर आजवर दोनदाच पडले आहे. न्हाणीघरात भिंतीला आधाराच्या दांड्या बसवल्या. मी जाऊबाईंना ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं, "बरं झालं हो, मला फार गरज होती!" आणि धरून दाखवली. अगदी मनापासून धरली. सोंग करायचं तर नीट करावं. आता सवयच लागली आहे, कुणी बघत नसतानाही धरते.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

व्यायाम. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठायचं. मी चारला थांबले. अर्थात मुद्दाम. पाचव्यांदा उठूच शकले नाही इतकं छान जमलं.

जाऊबाई शेजारच्या खुर्चीत. गोड आवाजात म्हणाल्या, "धाकटे, तू करतेस तर मीसुद्धा करते हो. तेवढीच तुला सोबत." आणि हवालदारिणीकडे बघून एक डोळा मिटला. डोळ्यात काहीतरी गेलं असावं. नजर आधीच अधू, त्यात हे.

त्यांनी सहा वेळा केलं. उद्या मी सात करणार. म्हणजे, त्यांना चेव यावा म्हणून.

११ फेब्रुवारी, सोमवार

हवालदारीण एक नोंदवही ठेवते. ती कपडे वाळत घालायला गच्चीत गेली तेव्हा मी वही उघडली. शुद्धलेखन तपासायला. जुनी खोड.

ऱ्हस्वदीर्घाच्या एकवीस चुका. मजकूर मात्र वाचण्यासारखा. "धाकट्या काकू: चालताना तोल उजवीकडे जातो. डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही, कबूल करत नाहीत. दुपारचं जेवण टाळतात आणि जेवले म्हणतात. एकच गोष्ट दोनदा सांगतात. स्वभावाने तिखट, मनाने चांगल्या."

मी थक्क झाले. वीस वर्षं घरोघरी वयस्कर माणसं सांभाळणारी बाई, आणि माझ्या अभिनयाला पुरती फसली! तोल जाण्याचं तर मी अजून सोंग सुरूसुद्धा केलं नव्हतं.

माझ्यावर नऊ पानं होती आणि जाऊबाईंवरही तेवढीच. माझ्यावर इतकं का, असा क्षणभर विचार आला. मग कळलं: वही जाऊबाईंच्या हाती पडली तर त्यांना संशय येऊ नये म्हणून. पक्की बाई आहे. जाऊबाईंना एवढी बारीक अक्षरं दिसत नाहीत, हे मात्र तिच्या ध्यानात आलेलं नाही.

वही मिटताना दोन चुका पेन्सिलीने सुधारल्या. राहवलं नाही.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

हवालदारीण म्हणाली, "काकू, माझ्या वहीत कुणीतरी 'दीर्घ' लिहून गेलंय." जाऊबाई म्हणाल्या, "मांजर असेल." आमच्याकडे मांजर नाही. तिघीही गंभीर चेहऱ्याने चहा प्यायलो.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

जाऊबाईंची काळजी वाटते. चहाच्या टेबलावरचे साखरेचे खडे उचलून पर्समध्ये टाकतात. आज चार टाकले. विचारलं तर म्हणाल्या, "असू देत गं." टेलिफोन खात्यात चाळीस वर्षं हजारो नंबर तोंडपाठ असलेली बाई, आणि आता साखर चोरते. पुतण्याला कळवलं पाहिजे.

एक गोष्ट मात्र खरी. या आठवड्यात मला दुपारची गुंगी आली नाही. हवा बदलली असावी.

१६ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी हवालदारीण बाजारात गेली होती. जाऊबाई माझ्या उजव्या बाजूला येऊन बसल्या. हल्ली नेहमी उजव्याच बाजूला बसतात.

"धाकटे, बागेतल्या तळ्यात पायांनी चालवायच्या होड्या आल्यात. रेडिओवर सांगत होते."

"मग?"

"मग काय? चाळीस वर्षं कानाला यंत्र लावून लोकांना एकमेकांशी जोडून दिलं. ते बोलायचे, भांडायचे, लग्नं ठरवायचे. मी खुर्चीत. एकदा तरी पाण्यावर जाऊन बसायचंय मला."

"हवालदारीण सोडेल?"

"उद्या रविवार. तिची सुट्टी. बदलीवर दुसरी बाई येईल, तिला दारातूनच कटवू."

त्यांचा आवाज इतका लबाड होता की मला शाळेतली शेवटची बाकं आठवली. शिवाय मनात विचार केला, मोकळी हवा त्यांना बरी. हा निर्णय मी केवळ त्यांच्या प्रकृतीसाठी घेतला, याची नोंद असावी.

१९ फेब्रुवारी, मंगळवार

काल दुपारी दवाखान्यातून घरी आले. रविवारचं अर्धं मला आठवतं आणि अर्धं जाऊबाईंनी सांगितलं. जोडून लिहिते.

बदलीची बाई आली, तेव्हा मी दारातच म्हटलं, "आज घरचेच लोक येणार आहेत, तुम्ही सुट्टी घ्या." ती बिचारी खूश होऊन गेली. मी सकाळची गोळी इमानदारीने घेतली, पण घाईत खायचं राहिलं. म्हटलं, परत आल्यावर खाऊ.

तळ्याकाठी पिवळ्या बदकांच्या आकाराच्या होड्या. होडीवाल्याने आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बरोबर कोण आहे?"

जाऊबाई म्हणाल्या, "मी हिच्याबरोबर आहे, ही माझ्याबरोबर."

फुगीर नारिंगी जाकिटं घालून त्याने आम्हाला बदकात बसवलं. मला दिसतं म्हणून सुकाणू माझ्याकडे. पायडल दोघींनी मारायची. पहिली दहा मिनिटं काय सांगू! जाऊबाईंनी पाण्यात हात सोडला होता आणि खिदळत होत्या. एक्याऐंशी वर्षांची बाई अशी हसताना मी पाहिली नव्हती. आम्ही एका तरुण जोडप्याच्या बदकाला मागून धडकही दिली. चुकून नाही.

मग मला घाम फुटला. तळ्याला दोनाऐवजी चार काठ दिसायला लागले. मी हे जाऊबाईंना सांगितलं असं मला वाटत होतं. त्या म्हणतात, मी सांगितलं ते असं: "इथे स्वल्पविराम नको." आणि थोड्या वेळाने, "परिच्छेद बदला."

"तुझी जीभ जड झालेली मला पहिल्या शब्दालाच कळली," जाऊबाई म्हणाल्या. "आयुष्यभर आवाजच ऐकलेत मी."

त्यांनी पर्स उघडली, साखरेचा एक खडा माझ्या गालात सरकवला, मग दुसरा. "चघळ, धाकटे. चघळ म्हणते ना! बोल माझ्याशी." मी बोलेना. बदक तळ्याच्या मधोमध गोल गोल फिरत होतं. त्यांना काठ दिसत नव्हता. उन्हात सगळं पांढरं, म्हणाल्या.

तेव्हा त्यांनी आवाज लावला. तो आवाज मी ऐकला. धुक्यातून आल्यासारखा, पण ऐकला. "अहो होडीवाले! ओरडत राहा! थांबू नका! मी तुमच्या आवाजाकडे येते!"

तो ओरडत राहिला, "इकडे! इकडे!" काठावरचे लोकही ओरडू लागले तर यांनी खडसावलं, "एकानेच बोला! लाइन बिझी करू नका!" एका हाताने माझी मान धरलेली, दुसऱ्या हातात सुकाणू, आणि ते सुजलेले पाय पायडलवर. मध्ये दोनदा धाप लागली म्हणून थांबल्या, आणि पुन्हा निघाल्या. नुसत्या कानांच्या भरवशावर त्यांनी बदक काठाला लावलं.

हवालदारिणीचा नंबर त्यांना पाठ होताच. ती स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी, घरातल्या सपाता घालून, वीस मिनिटांत आली. तोपर्यंत मी काठावर बसून बिस्किटं खात होते आणि लोकांना मी ठणठणीत असल्याचं सांगत होते. तिचे डोळे लाल होते. कांदा चिरत होते म्हणाली. तिने माझ्या बोटाला टोचलं, आकडा बघितला आणि सरळ मला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी एक दिवस ठेवून घेतलं. जाऊबाईंचे ठोकेही तपासले, त्यांनाही एक गोळी वाढली.

खरा स्फोट दवाखान्यात झाला. जाऊबाई माझ्या पलंगाशी बसून पुटपुटत होत्या, "तरी मी त्याला म्हणत होते, नुसत्या सोंगाने भागायचं नाही."

"कुणाला?"

"माझ्या दिवट्याला. म्हणाला, आई, काकू एकटीसाठी बाई ठेवून घेणार नाही, तू आजारी असल्याचं सोंग कर, म्हणजे तीही करून घेईल. तुझ्यासाठी इतके दिवस त्या खुर्चीवर उठबशा काढतेय मी!"

"अहो, बाई तर तुमच्यासाठी आहे!"

"माझ्यासाठी? मला काय झालंय?"

"मग मला काय झालंय?"

नर्स येऊन दटावून गेली. माझ्या हाताला सलाइनची सुई होती आणि जाऊबाई सुजलेले पाय स्टुलावर ठेवून बसल्या होत्या. आम्ही दोघींनी एकमेकींकडे नीट पाहिलं.

घरी आल्यावर ती नोंदवही आठवली. तोल, कान, टाळलेली जेवणं. मी सोंग सुरू करण्याआधीच तिने ते टिपलं होतं. राणीची भूमिका आठवून पहिल्यांदाच शरम वाटली. हे वाक्य खोडावं असं वाटतंय, पण राहू देते.

२० फेब्रुवारी, बुधवार

आज हवालदारीण आली नाही. तिच्या जागी दुसरीच मुलगी. या बाया पुरवणाऱ्या संस्थेचा नियम म्हणे: पहिल्या महिन्यात रुग्णाला दवाखान्यात न्यावं लागलं तर बाई बदलायची आणि चौकशी करायची. चौकशी संपेपर्यंत तिला दुसऱ्या घरचं काम नाही. रविवारी तिची सुट्टी होती, बदलीची बाई आम्ही हाकलली, हे तिने सांगितलंच नाही का? नव्या मुलीला विचारलं. म्हणाली, "सांगितलं तर काकूंना त्यांचे लोक ओरडतील, असं त्या म्हणाल्या."

आम्ही दोघी जेवताना एकमेकींच्या ताटाकडेच बघत होतो.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

टॅक्सी करून संस्थेच्या कार्यालयात गेलो. नवी मुलगी बरोबर होती. तिला कटवली नाही, याची नोंद असावी.

व्यवस्थापक बाई फाइलमध्ये डोकं घालून बसल्या होत्या. "बाई तुमच्या भल्यासाठीच बदललीय," म्हणाल्या.

"आमचं भलं आम्हाला विचारून करा," जाऊबाई म्हणाल्या. "बदलीच्या बाईला आम्ही खोटं सांगून परत पाठवलं. होडीत आम्ही गेलो. न जेवता ही गेली."

"गोळी घेऊन," मी पुस्ती जोडली.

"ठीक आहे, लेखी द्या. तक्रारीचा अर्ज इथे आहे. रुग्ण कोण?"

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही, मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. दोघी एकदमच म्हणालो, "मी."

व्यवस्थापक बाईंनी दोन अर्ज काढले. जाऊबाई सांगत गेल्या आणि त्यांचा मी भरला. मग माझा. मी हजारो पानं तपासली आहेत, पण हे एक पान फार वेळ रिकामंच राहिलं. शेवटी लिहिलं: मला मधुमेह आहे. मला कमी ऐकू येतं. माझा तोल जातो. हे मी लपवलं, बाईंनी नाही. त्यांना परत पाठवा, कारण माझ्याबद्दल खरं लिहिणाऱ्या त्या एकट्याच आहेत.

व्यवस्थापक बाईंनी वाचून चष्मा काढला. "आणि हे अर्जावर लाल शाईने काय आहे?"

"तुमच्या छापील मजकुरात पाच चुका आहेत. त्या फुकट सुधारल्या."

२५ फेब्रुवारी, सोमवार

आठच्या ठोक्याला हवालदारीण हजर. आम्ही दोघी दारातच उभ्या होतो. मी क्षमा मागायचं भाषण पाठ केलं होतं. तिने हात वर करून थांबवलं.

"आधी साखर. मग भाषण."

एकशे बेचाळीस. तिने आकडा मला दाखवला, मी वाचला, आणि मला काय झालं कुणास ठाऊक, डोळे भरून आले. भाषण राहूनच गेलं. जाऊबाई म्हणाल्या, "बरं झालं. दोनदा ऐकावं लागलं असतं."

तिच्या अटी तीन. बदलीच्या बाईला परत पाठवायचं नाही. कानाच्या डॉक्टरांकडे उद्याच जायचं. आणि होडीत जायचं तर तिघींनी. तिलाही जायचंय, म्हणाली. वीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

२७ फेब्रुवारी, बुधवार

संध्याकाळी पुतण्याचा फोन आला. दवाखान्याचं त्याला हवालदारिणीने कळवलं होतं, पण त्याचं बिंग फुटल्याचं आम्ही कुणालाही सांगू दिलं नाही. फोन मोठ्या आवाजावर लावला होता. जाऊबाई माझ्या उजव्या खांद्याला खेटून.

पुतण्या कुजबुजला, "काकू, त्या दिवशी तू सोंगात जरा जास्तच रंगलीस हं. पण काम फत्ते! आई आता सगळं करून घेते ना? तिला संशय तर नाही आला?"

जाऊबाईंनी तोंडात रुमाल कोंबला.

"छे रे," मी म्हटलं. "तिला बिचारीला काय कळतंय?"

पाठीत सणसणीत चिमटा बसला. मग त्याने आईला द्यायला सांगितलं. जाऊबाईंनी फोन घेतला, घसा साफ केला आणि अगदी क्षीण आवाजात म्हणाल्या, "हो रे बाळा, चालू आहे माझं सोंग. नाही, धाकटीच्या अजून काही लक्षात आलेलं नाही. तू म्हणून हे सुचलं हो."

"बघ, आई! मी म्हटलं होतं ना!" तो तिकडून इतक्या आनंदाने ओरडला की मलासुद्धा स्पष्ट ऐकू आलं.

हवालदारीण भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि तिचे खांदे गदगदा हलत होते. फोन ठेवल्यावर म्हणाली, "काकू, सांगून टाका की त्यांना. किती दिवस फसवणार?"

जाऊबाईंनी डोळे पुसले. "नको गं. चौपन्नचा झालाय तो. या वयात माणसाला जपावं लागतं."